स्वीडिशमध्ये 'लिहिलेलं', 'चोरलेली', 'बंद केलेलं' कसं म्हणायचं? नव्याने आलेल्यांसाठी पायरी-पायरीने

स्वीडनला आले त्या पहिल्या वर्षी मी बिल्डिंगच्या जिन्यात लावायला एक चिठ्ठी लिहिली होती. सायकल ठेवायच्या खोलीतून माझी निळी सायकल गेली होती, कोणी पाहिली असेल तर कळवा, एवढंच सांगायचं होतं. मी लिहिलं 'मिन स्युकेल एर स्तूलित', माझी सायकल चोरलेली आहे असं म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली गेले तर कोणीतरी शेवटच्या दोन अक्षरांवर पेन्सिलीने हलकीशी रेघ मारून वर बारीक अक्षरात 'एन' लिहिलेलं, म्हणजे 'स्तूलेन'. आणि खाली 'होप्पास दू हित्तार देन', सापडो तुला. सायकल काही मिळाली नाही. पण ती दोन अक्षरं का बदलली हे नीट समजायला मला पुढे चार महिने लागले, कारण वर्गात जे काही कळायचं ते मी मनात इंग्रजीत करून घेत होते आणि इंग्रजीत नेमका हाच फरक दिसत नाही. 'स्टोलन' तो 'स्टोलन'च, त्याच्या आधी 'हॅज' येवो नाहीतर 'इज'.

मराठीत मात्र फरक आहे. 'कोणीतरी सायकल चोरली आहे' आणि 'सायकल चोरलेली आहे' ही दोन वेगळी रूपं आपण दिवसभर न चुकता वापरतो. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, हा भाग मराठीवरून शिका, इंग्रजीवरून शिकू नका. मराठी कुठे साथ देते आणि कुठे दोन-तीन ठिकाणी फसवते ते सगळं खाली लिहिलंय.

सुरू करायच्या आधी काय हवं

एक वही, एक फोन आणि एक साइट. साइट म्हणजे 'स्वेन्स्का डॉट एसई'. गुस्ताव तिसरा या राजाने १७८६ मध्ये स्वीडिश अकादमी स्थापन केली, तिचे शब्दकोश इथे फुकट आहेत. कुठलंही क्रियापद टाकलं की खाली त्याची सगळी रूपं येतात, आणि आपल्याला हवी असलेली तीन रूपं अगदी वापरासकट देतात: 'एन' लावून, 'एत' लावून आणि 'देन, दे, दोम' लावून. नुसतं मूळ रूप पाहून साइट बंद करू नका, खाली सरका, खरा माल खालीच आहे. फोन पाट्यांचे फोटो काढायला, ते पुढे येईल.

एसएफआयला, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठी कम्यून (नगरपालिका) जे फुकट स्वीडिश वर्ग घेतं तिथे, नाव घातलं असेल तर उत्तमच. तिथे ए, बी, सी, डी असे टप्पे असतात. पण हे वाचायला त्याची वाट बघायची गरज नाही, रंगवलेलं, शिजवलेलं, बंद केलेलं हे शब्द पहिल्या आठवड्यापासून डोळ्यासमोर असतात.

उच्चाराबद्दल थोडं, कारण मी सगळे स्वीडिश शब्द देवनागरीत लिहितेय. स्वीडिश त आणि द हे आपले त आणि द आहेत, दातांना जीभ लावून, इंग्रजीसारखे ट-ड नाहीत. पण र नंतर त आला की दोन्ही मिळून ट होतो, र-द चा ड होतो, र-न चा ण आणि र-स चा श. मूल या अर्थाचा शब्द लिहितात 'बार्न' आणि म्हणतात जवळजवळ आपला 'बाण'. दक्षिणेला स्कोनेत असं करत नाहीत, तिथे र वेगळाच असतो. आपल्याला ण आणि ड आयते येतात त्यामुळे याचा फायदा घ्या, वर्गातल्या बाकीच्यांना यासाठी खूप कष्ट पडतात.

१. आधी मराठीत वाक्य करा

स्वीडिश बोलायच्या आधी स्वतःला विचारा की मराठीत मी इथे '-लं' म्हणेन की '-लेलं'?

मी पत्र लिहिलं आहे. इथे 'लिहिलं'. स्वीडिश: याग हार स्क्रीवित एत ब्रेव.
पत्र लिहिलेलं आहे. इथे 'लिहिलेलं'. स्वीडिश: ब्रेवेत एर स्क्रीवेत.

'स्क्रीवित' आणि 'स्क्रीवेत', वि आणि वे एवढाच फरक, पण पहिलं क्रियापदाचं रूप आहे आणि दुसरं विशेषण. 'हार' (इंग्रजी 'हॅव'सारखं, त्याचा भूतकाळ 'हादे') नंतर येतं ते पहिलं, त्याला तिथे 'सुपीनुम' म्हणतात. नामाला चिकटतं किंवा 'एर' (आहे) नंतर येतं ते दुसरं, 'पेर्फेक्त पार्तिसीप'. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, 'लं' आणि 'लेलं' लक्षात ठेवा.

आणि विशेषण म्हटलं की ते नामाप्रमाणे बदलणार. लिहिलेला निबंध, लिहिलेली चिठ्ठी, लिहिलेलं पत्र, लिहिलेले निबंध हे आपण विचारही न करता करतो. स्वीडिशमध्येही तेच आहे, नामाच्या आधी असो की 'एर' च्या नंतर, दोन्हीकडे बदलतं. इंग्रजीवाल्यांना इथे पुन्हा पुन्हा ठेच लागते, आपल्याला लागायचं कारण नाही.

२. नाम एन की एत, हे नामासोबतच पाठ करा

आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोन: एन-शब्द आणि एत-शब्द. अंदाजे चारातले तीन शब्द एन असतात, त्यामुळे अडलं तर एन म्हणून पुढे जायचा मोह होतो, पण मग हूस (घर), रुम (खोली), तोग (ट्रेन), ब्रेव (पत्र), श्योक (स्वयंपाकघर), फोन्स्तेर (खिडकी), ब्रोद (ब्रेड) असे रोजचे शब्द नेमके एत निघतात. 'तोग' असं एकटं लिहू नका, 'एत तोग' असं लिहा. यावर मी जास्त लिहीत नाही, पण हे झालं नाही तर खालचं सगळं वाया.

३. तीन रूपं, आणि तिसरं कधी वापरायचं

प्रत्येक विशेषणाला तीन रूपं. 'स्तेंगा' म्हणजे बंद करणे, ते घेऊ.

स्तेंग्द: एन-शब्दासाठी. एन स्तेंग्द दोर, एक बंद दार. दोरेन एर स्तेंग्द.
स्तेंग्त: एत-शब्दासाठी. एत स्तेंग्त फोन्स्तेर. फोन्स्त्रेत एर स्तेंग्त.
स्तेंग्दा: अनेकवचनासाठी. स्तेंग्दा दोरार. आणि 'तो, ती, ते, माझा, तुझा' असं ठराविक काही असेल तेव्हाही हेच, एकवचन असलं तरी. देन स्तेंग्दा दोरेन, दे स्तेंग्दा फोन्स्त्रेत.

लोक अडखळतात ते तिसऱ्याचं हे दुसरं काम आलं की. माझी चोरलेली सायकल म्हणताना 'मिन स्तूलेन स्युकेल' असं तोंडातून येतं, कारण सायकल एकच आहे आणि एन-शब्द आहे. पण 'मिन' आलं म्हणजे ती ठराविक झाली, म्हणून 'मिन स्तूलना स्युकेल'. 'एर' च्या नंतर मात्र हा नियम लागत नाही, तिथे परत साधं रूप: मिन स्युकेल एर स्तूलेन. म्हणजे माझी सायकल दोन्हीकडे तीच, पण विशेषण आधी आलं तर 'स्तूलना', नंतर आलं तर 'स्तूलेन'. मी हे मराठीतल्या 'लेल्या'सारखं लक्षात ठेवलं. लिहिलेलं पत्र पण लिहिलेल्या पत्रात, म्हणजे नामाच्या आधी उभं असताना विशेषणाला कधीकधी वेगळा वेष घालावा लागतो हे आपल्याला नवीन नाही. कारण वेगळं आहे, पण सवय तीच आहे.

बाहेर पाट्या वाचायला लागा, त्यात हे फार छान दिसतं. 'रोकनिंग फोर्ब्यूदेन', धूम्रपान बंदी, रोकनिंग एन-शब्द म्हणून शेवटी एन. 'तिलत्रेदे फोर्ब्यूदेत', प्रवेश बंद, तिलत्रेदे एत-शब्द म्हणून शेवटी एत. 'पार्केरिंग फोर्ब्यूदेन'. शब्द एकच, मनाई केलेलं, पण पाटीगणिक शेपूट बदलतं. मी अशा पाट्यांचे फोटो काढून वहीत उतरवायचे आणि बाजूला नामाचं लिंग लिहायचे, त्यातून जेवढं डोक्यात बसलं तेवढं कुठल्याच तक्त्यातून बसलं नाही. दुकानाच्या दारावर 'ओपेत' आणि 'स्तेंग्त' असतं, दुकान एन-शब्द असूनही एत-रूप, कारण तिथे दुकान हा कर्ताच नाही, नुसतं 'बंद आहे' असं आहे. कर्ता नसला की एत-रूप, असं धरून चाला.

४. क्रियापद कुठल्या गटातलं ते ओळखा

गट १: मोला (रंगवणे). मोलाद, मोलात, मोलादे. हा सगळ्यात मोठा गट आहे आणि भाषेत नवीन येणारी क्रियापदंही यातच पडतात, गुगल करणे, मेल करणे, स्विशने पैसे पाठवणे, सगळी. एन मोलाद वेग (भिंत), एत मोलात हूस, मोलादे हूस. किराणा घेताना 'क्रोसादे तुमातेर'चा डबा हातात आला असेलच, चुरडलेले टोमॅटो, टोमॅटो अनेक म्हणून 'आदे'. 'ग्रावाद लाक्स', मीठ-साखर-शेपू लावून मुरवलेला लाक्स (सॅमन मासा), एकवचन एन म्हणून 'आद'. सापळा एवढाच की भूतकाळही 'मोलादे'च असतो. याग मोलादे म्हणजे मी रंगवलं, देन मोलादे दोरेन म्हणजे ते रंगवलेलं दार. दोन्ही एकसारखे दिसतात, आधी 'याग'सारखा कर्ता आहे का बघा.

गट २: इथे कधी द लागतो, कधी त, आणि बऱ्याच जणांना वाटतं की हे यादी करून पाठ करायचं. गरज नाही. शाळेत संधी शिकताना कठोर आणि मृदू व्यंजनं शिकलो होतो, तेच इथे आहे. धातूच्या शेवटी क, प, स, त असं कठोर व्यंजन असेल तर त लागतो, नाहीतर द. श्योपा (विकत घेणे): श्योप्त, श्योप्त, श्योप्ता. लोसा (कुलूप लावणे): लोस्त, लोस्त, लोस्ता. स्तेका (तळणे): स्तेक्त, स्तेक्त, स्तेक्ता. इथे एन आणि एत सारखेच दिसतात, एक कमी पाठ करायचं. एत स्तेक्त एग, त्वो स्तेक्ता एग, म्हणजे एक तळलेलं अंडं आणि दोन तळलेली. द वाली: स्तेंगा वर पाहिलंच. शेन्ना (ओळखणे): शेन्द, शेन्त, शेन्दा. ह्यूरा (भाड्याने घेणे): ह्यूड, ह्यूट, ह्यूडा, इथे र-द मिळून ड झाला बघा.

गट ३: छोटी क्रियापदं, शेवटी लांब स्वर. स्यू (शिवणे): स्युद्द, स्युत्त, स्युद्दा. फार नाहीत, झालं.

गट ४: स्वर बदलणारी, आणि सगळा गोंधळ इथेच. स्क्रीवा: स्क्रीवेन, स्क्रीवेत, स्क्रीवना. श्येला (चोरणे): स्तूलेन, स्तूलेत, स्तूलना. ब्रूता (मोडणे): ब्रूतेन, ब्रूतेत, ब्रूतना. रीवा (किसणे): रीवेन उस्त म्हणजे किसलेलं चीज, रीवना मुरोत्तेर म्हणजे किसलेली गाजरं. सोपा मार्ग असा की त्या क्रियापदाचं 'हार' नंतरचं रूप आधीच पाठ असतं, हार स्क्रीवित, हार स्तूलित, हार ब्रूतित. त्या 'इत' च्या जागी 'एन' ठेवा, झालं पहिलं रूप. तिसऱ्या रूपात मधला ए गळतो, स्क्रीवेना नाही, स्क्रीवना. 'फोश्वुनेन' (नाहीसा झालेला) सारख्या शब्दात आधीच दोन न आहेत, तिथे तिसरा न लिहायचा नाही, फोश्वुना एवढंच.

काही सुटी क्रियापदं जशीच्या तशी पाठ करा. योरा (करणे): यूड, यूट, यूडा. सेल्या (विकणे): सोल्द, सोल्त, सोल्दा. लेग्गा (ठेवणे): लाग्द, लाग्त, लाग्दा. बेताला (पैसे भरणे) दिसतं गट १ सारखं पण भरलेलं बिल म्हणताना 'बेताल्द' म्हणतात, रेकनिंगेन एर बेताल्द. आणि याच्या आधी ऊ लावला की उलटा अर्थ: ऊबेताल्दा रेकनिंगार, न भरलेली बिलं. हा ऊ जवळपास सगळीकडे चालतो, ऊलेस्ता मेल म्हणजे न वाचलेल्या मेल, ऊलोस्त दोर म्हणजे कुलूप न लावलेलं दार. 'न वाचणे' असं क्रियापद नसतं, तरी 'न वाचलेलं' असतं, आपल्यासारखंच.

५. 'हार' च्या नंतर हात लावू नका

इथे मराठीच फसवते म्हणून ही पायरी वेगळी काढली.

आपण म्हणतो मी पत्र लिहिलंय, मी चिठ्ठी लिहिलीये, मी पत्रं लिहिलीयेत. म्हणजे 'आहे' असतानाही आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. तीच सवय घेऊन मी लिहायचे 'याग हार स्क्रीवना ब्रेवेन', पत्रं अनेक आहेत ना, मग. चूक. 'हार' च्या नंतर येणारं रूप कधीच बदलत नाही, पत्र एक असो की पन्नास, एन असो की एत: याग हार स्क्रीवित ब्रेवेत, याग हार स्क्रीवित ब्रेवेन. कायम स्क्रीवित.

आणि आणखी एक खड्डा याच्या शेजारीच आहे. गट १, २, ३ मध्ये 'हार' नंतरचं रूप आणि एत-रूप दिसायला एकच असतात. हार मोलात, एत मोलात हूस. हार श्योप्त, एत श्योप्त हूस. त्यामुळे पहिले काही महिने असं वाटत राहतं की दोन वेगळी रूपं नाहीतच, आणि गट ४ आला की 'इत' आणि 'एत' ची सरमिसळ होते. माझ्या चिठ्ठीत हेच झालं होतं. तपासायची पद्धत: वाक्यात 'हार' किंवा 'हादे' आहे का? आहे तर 'इत'. नाही, 'एर' आहे किंवा पुढे नाम आहे, तर एन, एत, ना. नोगोन हार स्तूलित मिन स्युकेल, कोणीतरी माझी सायकल चोरली आहे. मिन स्युकेल एर स्तूलेन, माझी सायकल चोरलेली आहे. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून आरशाला लावा, मी लावली होती.

६. 'एर' की 'ब्लेव', आहे की झालं

इथे परत मराठी साथ देते. 'आहे' म्हणजे एर, 'झालं' म्हणजे ब्लेव. तोगेत एर इनस्तेल्त, ट्रेन रद्द आहे, आत्ताची स्थिती. तोगेत ब्लेव इनस्तेल्त, ट्रेन रद्द झाली, एक घटना घडली. याग एर इनब्यूदेन, मला आमंत्रण आहे. याग ब्लेव इनब्यूदेन, मला आमंत्रण आलं. विशेषण दोन्हीकडे तसंच बदलतं.

जन्माबद्दल बोलताना वेगळी रीत आहे. हयात माणसाबद्दल साधारणपणे 'एर फोद्द' म्हणतात, याग एर फोद्द ई सांगली. गेलेल्या माणसाबद्दल 'फोद्देस', आल्फ्रेड नोबेल फोद्देस १८३३ ई स्टॉकहोम. आपल्या आजी-आजोबांबद्दल सांगताना हे लक्षात असू द्या, ते हयात नसताना 'एर फोद्द' म्हटलं की ऐकणाऱ्याला ते अजून आहेत असं वाटतं.

आणि 'करून घेणे' साठी फार सुटसुटीत रचना आहे: याग फिक स्युकेल्न लागाद, मी सायकल दुरुस्त करून घेतली. याग फिक हूसेत मोलात, घर रंगवून घेतलं. इथे विशेषण बदलतं ते सायकल आणि घराप्रमाणे, माझ्याप्रमाणे नाही.

७. क्रियापदाची शेपटी पुढे येते

स्वीडिशमध्ये क्रियापदाच्या मागे छोटे शब्द लागतात, स्तेंगा आव (बंद करून टाकणे), ह्यूरा ऊत (भाड्याने देणे), त्युक्का ओम (आवडणे). विशेषण करताना ती शेपटी उचलून पुढे आणायची आणि चिकटवायची. हिसेन एर आवस्तेंग्द, लिफ्ट बंद ठेवली आहे. लेगेनहेतेन एर ऊतह्यूड, फ्लॅट भाड्याने गेलाय. एन ओमत्युक्त लेरारे, सगळ्यांना आवडणारे शिक्षक. 'स्तेंग्द आव' असं सुटं म्हणू नका. लेग्गा इन पासून आलं 'इनलाग्द सिल', मुरवलेला हेरिंग मासा, मिदसोम्मारला (जूनमधला सण) प्रत्येक टेबलावर असतो. शब्दकोशात 'इनलाग्द' सापडला नाही तर शेपटी काढून 'लेग्गा' खाली शोधा.

'स्तेल्ला इन' पासून आलेला 'इनस्तेल्त' मात्र पहिल्या दिवशी पाठ करा. स्टेशनच्या बोर्डावर हा शब्द दिसला की ट्रेन रद्द. दिसायला तो इंग्रजी 'इन्स्टॉल'सारखा आहे म्हणून नवीन माणूस निवांत उभा राहतो, आणि उणे दहात अर्धा तास उभं राहणं फार त्रासाचं आहे. उशीर असेल तर 'फोशेनात'. ट्रेनसाठी इनस्तेल्त, बससाठी (एन बुस) इनस्तेल्द, आणि सगळ्याच गाड्या रद्द असतील तर आला तोग एर इनस्तेल्दा.

एक बारकावा. ब्रूता आव म्हणजे मोडून टाकणे आणि आवब्रूता म्हणजे मध्येच थांबवणे, ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, पण विशेषण दोघांचं एकच होतं. आवब्रूतेन ग्रेन म्हणजे मोडलेली फांदी, आवब्रूतेत साम्ताल म्हणजे मध्येच तुटलेलं संभाषण. अर्थ नामावरून लावायचा.

८. जिथे '-लेला' चालत नाही

आपण 'लेला' सगळ्यालाच लावतो. झोपलेलं मूल, बसलेला माणूस. स्वीडिशमध्ये ते मूल आत्ता झोपेत आहे, म्हणून चालू क्रियेचं रूप लागतं, 'आंदे' वालं: एत सोवांदे बाण, एन सित्तांदे मान. हे रूप एन, एत, अनेकवचन कशानेच बदलत नाही, त्यामुळे चुकायला जागा नाही, फक्त इथे ते वापरायचं हे आठवलं पाहिजे. माझी कसोटी अशी: त्या नामावर कोणी काही केलंय का? दार कोणीतरी बंद केलं, पत्र कोणीतरी लिहिलं, तिथे वरची तीन रूपं. मूल स्वतः झोपलंय आणि अजून झोपेतच आहे, तिथे 'आंदे'. कसोटी शंभर टक्के नाही, कारण नव्याने आलेल्या लोकांना 'न्यूआनलेन्दा' म्हणतात आणि त्यांना कोणी आणलेलं नसतं, 'फोश्वुनेन' पण तसाच, पण रोजच्या बोलण्यात ही पुरते.

काही ठिकाणी क्रियापदावरून रूप करायचंच नसतं, सरळ वेगळा शब्द आहे. थकलेला: त्रोत. मोडलेलं, बिघडलेलं: त्रासिग. भिजलेला: ब्लोत. उघडं दार: एन ओपेन दोर. हे चार शब्द पहिल्या आठवड्यात लागतात, पाठ करून टाका.

९. कागदपत्रांत हेच शब्द येतात

फॉर्म भरताना याच रूपांची गाठ पडते. फोल्कबूकफोड म्हणजे लोकसंख्या नोंदणीत नाव लागलेला. स्कात्तेवेर्केतकडे (कर खात्याकडे) ही नोंद होते आणि तिच्याबरोबर पेशूननुम्मेर, तो ओळख क्रमांक, मिळतो. तुम्ही एकटे असाल तर 'याग एर फोल्कबूकफोड', नवरा-बायको दोघं असाल तर 'वी एर फोल्कबूकफोडा'. गूदशेन्द म्हणजे मंजूर किंवा पास, एत-शब्दासाठी गूदशेन्त. ओवेशात म्हणजे भाषांतर केलेलं, अनेक कागद असतील तर ओवेशाता. यिफ्त म्हणजे विवाहित, ऊयिफ्त अविवाहित. घराच्या जाहिरातीत एत मोब्लेरात रुम म्हणजे सामानासकट खोली, एत न्यूरेनोवेरात श्योक म्हणजे नुकतंच नवं केलेलं स्वयंपाकघर. सगळ्यांना शेवटी काय लागलंय ते बघत वाचा.

आनस्तेल्द हा मुळात 'नेमलेला' असा विशेषणवाला शब्द, पण तो नामासारखाही चालतो: एन आनस्तेल्द म्हणजे एक कर्मचारी, दोम आनस्तेल्दा म्हणजे ते कर्मचारी. मागे नाम नाही म्हणून गोंधळू नका, विशेषणाचेच नियम लागतात. एकट्या पुरुषाबद्दल कागदोपत्री 'देन आनस्तेल्दे' असं ए लावलेलं दिसेल, तुम्ही आ लावलात तरी चालतं.

१०. सराव

स्वीडिश रेसिपी घ्या. कृती वाचू नका, फक्त वरची सामानाची यादी वाचा. किसलेलं, सोललेलं, चिरलेलं, उकडलेलं, सगळं तिथे रांगेत उभं असतं आणि प्रत्येकापुढे नाम असतं. 'स्कालादे रेकुर' दिसलं की थांबा: सोललेली कोळंबी, अनेक, गट १, म्हणून 'आदे'. रोज एक यादी, दहा मिनिटं. दोन आठवड्यांत कान तयार होतो, चुकीचं रूप आलं की खटकायला लागतं.

मग ही सहा करून बघा, खालचं झाकून ठेवा.

क. एक रद्द झालेली बस
ख. माझी विकलेली सायकल
ग. तीन तळलेली अंडी
घ. पत्र लिहिलेलं आहे
च. मी ती पत्रं लिहिली आहेत
छ. झोपलेली मुलं

उत्तरं: क. एन इनस्तेल्द बुस. ख. मिन सोल्दा स्युकेल, 'मिन' आहे म्हणून तिसरं रूप. ग. त्रे स्तेक्ता एग. घ. ब्रेवेत एर स्क्रीवेत. च. याग हार स्क्रीवित ब्रेवेन, इथे 'स्क्रीवना' लिहिलं असेल तर पाचवी पायरी परत वाचा. छ. सोवांदे बाण, आणि बाण एक असो की चार, शब्द तोच राहतो.